दहा रेकॉर्ड, तीन फुटल्या: सांगली–इंदूर पार्सलचं प्रकरण

सांगलीच्या गावभागातल्या एका घरातून जूनअखेरीला दहा जुन्या रेकॉर्ड कुरिअरने इंदूरला गेल्या. ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या, लाखेच्या. घेणारे एक निवृत्त मराठी गृहस्थ, नाट्यसंगीताचे दर्दी. त्यांनी मोबाइलवर फोटो पाहिले, घासाघीस न करता पैसे आधीच पाठवले. सहाव्या दिवशी पार्सल पोहोचलं. ते उघडताना त्यांनी व्हिडिओ काढला, म्हणून पुढचा सगळा शोध घेता आला. दहांपैकी तीन रेकॉर्ड फुटल्या होत्या आणि चौथीच्या कडेचा टवका उडाला होता.

पार्सल भरणाऱ्या ताईंनी मेहनतीत कुचराई केली नव्हती. भरपूर बबल रॅप, दोन्ही बाजूंना ‘नाजूक’ असे लाल स्टिकर, वरून टेपचे वेढेच वेढे. एवढं करून फुटलं कसं, हा त्यांचा प्रश्न. तो घेऊन त्या माझ्याकडे आल्या, कारण कुपवाडच्या एमआयडीसीत माझा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा धंदा आहे. आमचा बहुतेक माल तासगाव, पलूस, मिरज पट्ट्यात द्राक्षाला आणि बेदाण्याला जातो. त्यामुळे माल वाटेत का खराब होतो हा आमच्या रोजच्या बोलण्यातला विषय. इंदूरच्या काकांनी व्हिडिओसोबत खोक्याचे सगळ्या बाजूंनी फोटो पाठवले, तुकड्यांचेही पाठवले. ते मी आमच्या टेबलावर मोठ्या स्क्रीनवर लावून पाहिले.

आधी या रेकॉर्डविषयी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हापासून या गावाला नाटकाचं वेड आहे. शेजारच्या मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, १९३७ साली गेल्यावर तिथल्याच दर्ग्याच्या आवारात विसावले. त्यामुळे इथल्या जुन्या घरांच्या माडीवर ग्रामोफोन आणि रेकॉर्डची पेटी सापडणं नवलाचं नाही. या घरात ती ताईंच्या आजेसासऱ्यांनी जमवलेली. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा घराचा तळमजला बुडाला होता. काकूंनी, म्हणजे ताईंच्या सासूबाईंनी, धान्याच्या आधी ती पेटी माडीवर नेली होती. आता घर सोडून विश्रामबागेत फ्लॅटमध्ये जायचं ठरलं, फ्लॅटमध्ये जागा नाही, ऐकणारं कोणी नाही. मग काकूच म्हणाल्या, “ऐकणाऱ्याच्या घरी जाऊ देत.” महापुरातून वाचलेली वस्तू पार्सलमध्ये फुटली याचं त्या घराला किती लागलं असेल, ते पैशात सांगता येत नाही. अशी तबकडी बनणं बंद होऊन कित्येक दशकं झाली. फुटली की त्या प्रतीपुरता विषय संपला.

हा पदार्थ कसा आहे ते कळल्याशिवाय पॅकिंग कळणार नाही. ७८ आरपीएमची रेकॉर्ड प्लॅस्टिकची नसते. लाख, त्यात दगडाची बारीक पूड, काजळी आणि थोडे कापसाचे तंतू, असं मिश्रण गरम करून साच्यात दाबलेलं असतं. नंतरच्या काळातली व्हिनाइलची एलपी वाकते आणि परत सरळ होते. लाखेची तबकडी वाकतच नाही. थोडा ताण सोसते आणि मग एकदम तडकते. जाडी दोन-अडीच मिलिमीटर, दहा इंची तबकडीचं वजन साधारण पाव किलोच्या आसपास. म्हणजे दहा तबकड्या एकावर एक ठेवल्या की सव्वादोन-अडीच किलोची जड आणि ठिसूळ चवड होते. तिला आतूनच स्वतःच्या वजनाचा धोका असतो.

आता पहिलं पॅकिंग. ताईंनी दहाही रेकॉर्ड त्यांच्या जुन्या कागदी पाकिटांत ठेवल्या, एकावर एक रचल्या आणि सगळ्या चवडीभोवती बबल रॅप गुंडाळला. खोकं घरात पडलेलं, ऑनलाइन खरेदीतून आलेलं तीन प्लायचं, म्हणजे कागदाच्या तीन थरांच्या पुठ्ठ्याचं. मापं सुमारे ३२ बाय ३२ बाय १२ सेंटिमीटर. चवड खाली टेकली आणि वर बोटभर जागा उरली, ती वर्तमानपत्राच्या बोळ्यांनी भरली. कुरिअरच्या काउंटरवरचा मुलगा ताईंना म्हणाला, “काय होत न्हाई ओ काकू, स्टिकर लावलाय न्हवं!” त्याच्या परीने तो धीरच देत होता.

फोटोंत पहिल्यांदा नजरेत भरला तो खोक्याचा एक कोपरा. तो आत चेपला होता, म्हणजे पार्सल त्या कोपऱ्यावर पडलं होतं. तळाची रेकॉर्ड त्याच बाजूला कडेपासून फुटली होती आणि चिरा तिथून आत पसरल्या होत्या. धक्का जिथे बसला तिथूनच चिरा निघतात, त्यामुळे इथे शंका नव्हती. खोक्याचा तळ आणि पहिली तबकडी यांच्यामध्ये बबल रॅपचा एकच थर होता आणि त्या जागचे बुडबुडे बसलेले दिसत होते.

दुसरी फुटलेली रेकॉर्ड चवडीच्या मधली. ती इतर नवांसारखी दहा इंची नव्हती, बारा इंची होती. दहा इंची तबकड्यांच्या मध्ये बारा इंची ठेवली की तिची अडीच सेंटिमीटरची कड चहूबाजूंनी अधांतरी राहते. वरखाली कशाचाच आधार नाही. तिचा एक तुकडा चंद्रकोरीसारखा सुटून आला होता, बाकी तबकडी शाबूत. फोटो पाहताक्षणी मी ताईंना विचारलं, “ही एकच मोठी होती का?” त्या म्हणाल्या, “हो, अहो, तिच्यामुळेच तर खोकं मोठं शोधावं लागलं.”

तिसरी सगळ्यात वरची. ती बरोबर मधून, आरपार दोन तुकडे. कड कुठेही दुखावलेली नाही. हा धक्क्याचा मार नसतो, दाबाचा असतो. पार्सलवर दुसरा जड माल आला, वरचं झाकण खाली दबलं, बोळे चपटे झाले आणि तबकडीवर मधोमध भार आला. तीन प्लायचं वापरलेलं खोकं, त्यात पावसाळी हवा. पुठ्ठा हवेतलं पाणी ओढून घेतो आणि त्याची ताकद पुष्कळ उतरते. आमच्याकडे जून-जुलैत साठवलेली खोकी हाताला लागताच वेगळी जाणवतात. शिवाय एकदा प्रवास करून आलेल्या खोक्याचे कोपरे आधीच थकलेले असतात, आणि खोक्यावरचा भार मुख्यतः उभे कोपरेच पेलतात.

म्हणजे एकाच पार्सलमध्ये तीन रेकॉर्ड तीन वेगळ्या कारणांनी फुटल्या. चौथीचा टवका नवा की जुना, हे मात्र शेवटपर्यंत ठरलं नाही, कारण पाठवण्याआधीचे कडांचे फोटो नव्हते. जाहिरातीसाठी फक्त लेबलांचे काढले होते.

इथे धक्क्याचा हिशेब मांडतो, कारण सगळं त्यावर उभं आहे. एक मीटर उंचीवरून पार्सल पडलं तर जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी सुमारे १६ किलोमीटर असतो. आतली वस्तू किती अंतरात थांबते यावर तिला बसणारा मार ठरतो. ती दोन मिलिमीटरमध्ये थांबली, म्हणजे मध्ये जवळजवळ काहीच नव्हतं, तर तिच्यावर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ५०० पट जोर येतो. पाच सेंटिमीटर दबणाऱ्या थरातून सावकाश थांबली तर सुमारे २० पट. वस्तू तीच, पडणं तेच, आणि मार पंचवीसपट कमी. थर प्रत्यक्षात पूर्ण दबत नाही, म्हणून फायदाही पूर्ण पंचवीसपट मिळत नाही, पण फरक केवढा मोठा आहे ते यावरून दिसतं. बबल रॅपचा एक वेढा चारेक मिलिमीटरचा. त्याचे चार वेढे बाजूंना घातले आणि तळाला एकच आला, तर वरून जाड दिसणारं ते पुडकं तळाशी उघडंच असतं.

कुरिअरवर राग निघणं स्वाभाविक होतं, ताईंचाही निघाला. पण ट्रॅकिंगमध्ये चार ठिकाणं दिसत होती. प्रत्येक ठिकाणी उतरवणं, चढवणं, ढिगात जाणं, पट्ट्यावरून घसरणं. कमरेच्या उंचीवरून पार्सल पडणं हा अपघात धरता येत नाही, तो रोजचा व्यवहार आहे. ‘नाजूक’ स्टिकर खोक्याच्या एका-दोन बाजूंना असतो, ढिगात ती बाजू कुठे तोंड करून पडली आहे कोणास ठाऊक. स्टिकर लावायला माझी हरकत नाही. पण तो लावून पॅकिंगमध्ये सूट घेतली जाते, आणि माझ्या मते जुन्या वस्तू फुटण्याचं ते फार मोठं कारण आहे. पार्सल कुठल्याही सहा बाजूंपैकी कुठल्याही बाजूवर पडेल असं धरूनच भरलं पाहिजे.

मग लोक एवढं छोटं खोकं का घेतात? कारण भाडं. कुरिअर कंपन्या साधारणपणे दोन वजनं पाहतात: काट्यावरचं खरं आणि आकारमानाचं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं, आलेले किलो म्हणजे आकारमानी वजन. दोन्हींपैकी जे जास्त त्याचे पैसे. ताईंच्या पहिल्या खोक्याचं आकारमानी वजन अडीच किलोच्या आत येत होतं. त्याच दहा रेकॉर्ड चारही अंगांना आणि वरखाली पाच सेंटिमीटर जागा सोडून भरल्या तर खोकं ४० बाय ४० बाय २० होतं, आणि आकारमानी वजन ६.४ किलो. भाडं दुपटीच्या वर जातं. ग्राहकाला आधीच ‘कुरिअरसह इतके’ असा आकडा सांगितलेला असतो. मग कात्री लागते ती मोकळ्या जागेला, म्हणजे नेमकी वस्तू वाचवणाऱ्या जागेला.

मी ताईंना पहिली गोष्ट हीच सांगितली: पॅकिंग आणि वाहतूक वस्तूच्या किमतीत मिसळू नका, वेगळी सांगा. ज्याला वस्तू हवी तो ते पैसे देतो. द्यायला नको असेल तर त्याला ती वस्तू पाठवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पैशांचा प्रश्न त्या दोघांनी फोनवरच सोडवला. कायदा पाहायचा तर १९३०चा वस्तुविक्री कायदा आहे. माल वाहतूकदाराच्या हाती दिला की तो घेणाऱ्याला पोहोचवल्यासारखा धरला जातो, पण विकणाऱ्याने वाहतुकीचा करार मालाला शोभेल असा केलेला असला पाहिजे, असं त्याचं कलम ३९ म्हणतं. कलम २६ प्रमाणे मालकी ज्याच्याकडे गेली, जोखीमही सामान्यतः त्याच्याकडे जाते, वेगळं ठरलं नसेल तर. या दोघांनी काहीच ठरवलं नव्हतं. कुरिअरच्या पावतीमागे काच आणि ठिसूळ वस्तूंची भरपाई नाही असं बारीक अक्षरात छापलेलं होतं. तेव्हा वाद घालायचाच म्हटलं तर दोन्ही बाजूंना जागा होती. ताईंनी तीन रेकॉर्डचे पैसे परत करते म्हणून सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, “अहो ताई, पैशाचं राहू द्या हो. उरलेल्या पेटीतल्या मला घ्यायच्याच आहेत. फक्त त्या साबूत येऊ देत.” ताईंनी तरीही पैसे परत केले, आणि मला वाटतं ते योग्यच केलं. दुसऱ्या व्यवहारात दोन्ही बाजूंचं मन साफ राहिलं.

दुसरं पार्सलही दहा रेकॉर्डचंच करायचं ठरलं. सगळ्या दहा इंची. त्याआधी मी मिरजेत एका ओळखीच्या तंतुवाद्य कारागिरांकडे गेलो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ही मंडळी भोपळ्याची वाद्यं पिढ्यान्‌पिढ्या लांबच्या गावांना पाठवत आली आहेत, आणि भोपळा लाखेच्या तबकडीइतकाच हट्टी, वाकायचं नाव नाही. ते म्हणाले, “मऊ किती घातलंय ते बघू नका. भोपळा कशावर टेकलाय ते बघा. तो कशावरच टेकायला नको.” भार दांडीवर घ्यायचा, भोपळ्याच्या भोवती जागा ठेवायची, तारा सैल सोडायच्या. माझा पुढचा सगळा विचार त्यांच्या त्या वाक्यावरून सुरू झाला: तबकडीची कड कशावरही टेकता कामा नये, आणि तबकडीची पाठ मात्र पूर्ण टेकलेली असली पाहिजे.

तीन प्लायच्या पुठ्ठ्याचे २८ सेंटिमीटरचे चौरस कापले. तबकडी २५ सेंटिमीटरची, म्हणजे पुठ्ठा चारही बाजूंनी दीड सेंटिमीटर बाहेर. प्रत्येक रेकॉर्ड नव्या साध्या कागदी पाकिटात घातली आणि पाकिटाचे कोपरे कागदी टेपने पुठ्ठ्याच्या मधोमध चिकटवले, नाहीतर तबकडी घसरून कडेला येते आणि बाहेर काढलेल्या दीड सेंटिमीटरचा उपयोग राहत नाही. जुनी छापील पाकिटं वेगळ्या प्लॅस्टिक पिशवीत ठेवली. संग्राहकांना तीही हवी असतात, आणि तबकडीची धार जुन्या नरम कागदातून सहज बाहेर येते. पुठ्ठ्याच्या आतली नागमोडी घडी एका चौरसात आडवी तर पुढच्यात उभी येईल असं लावलं. पुठ्ठा घडीच्या दिशेला ताठ असतो आणि तिच्या आडव्या दिशेला पटकन मुडपतो, म्हणून हे करायचं. पाच रेकॉर्डचा एक गठ्ठा, दोन्ही टोकांना हार्डबोर्ड, आणि टेपचे दोनच आडवे-उभे वेढे. टेप करकचून ओढायची नाही, ओढली की कडांवर ताण येतो. असे दोन गठ्ठे आतल्या ३० बाय ३० बाय १० च्या खोक्यात गच्च बसले.

हे गच्च बसणं फार महत्त्वाचं. द्राक्षाच्या पेटीत घड सैल राहिला की गाडीच्या हादऱ्याने मणी झडतात, मग खाली कितीही मऊ कागद असो. इथेही आतल्या खोक्यात काहीही हलायला नको. मऊपणाचं काम बाहेरच्या खोक्याचं.

बाहेरचं खोकं नवं, पाच प्लायचं, ४० बाय ४० बाय २०. त्यात आठही कोपऱ्यांना पाच सेंटिमीटर जाडीच्या ईपीई फोमचे (पॉलिथिनच्या लवचीक फोमचे) तुकडे आणि मधल्या जागेत त्याच फोमच्या पट्ट्या. आतलं खोकं त्यात सगळीकडून अधांतरी. काकूंनी विचारलं होतं की पेंढा किंवा भाताचं तूस का नको, पूर्वी चिनी मातीच्या बरण्या पेंढ्यातच यायच्या. पेंढा खरंच वाईट नाही, त्याला लवचीकपणा आहे. पण पावसाळ्यात तो दमट होतो, किडे येतात. तूस आणि थर्माकोलचे मणी हादऱ्याने खाली बसत जातात, वर पोकळी होते आणि जड वस्तू हळूहळू तळ गाठते. वर्तमानपत्राचे बोळे एकदा दबले की परत फुलत नाहीत. हलक्या कपबशीला चालतील, अडीच किलोच्या चवडीला नाही.

मालाचं खोकं पाठवण्याआधी आम्ही नकली पार्सल करून पाहिलं. पेटीत झिजून झिजून नुसती खरखर उरलेल्या, कोणी घेणार नाही अशा काही रेकॉर्ड होत्या. त्या अगदी याच पद्धतीने भरल्या. पॅकिंगच्या क्षेत्रात इस्टा नावाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या चाचण्या मानतात. त्यातल्या १ए चाचणीत साडेनऊ किलोपर्यंतचं पार्सल ७६ सेंटिमीटरवरून दहा वेळा पाडतात: एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर, सहा वेळा सहा बाजूंवर. कारखान्याच्या फरशीवर आम्ही ते दहाही प्रकार केले. ताई प्रत्येक वेळी डोळे मिटून घेत होत्या. उघडलं तेव्हा सगळ्या साबूत. एका गठ्ठ्याचा टेप जरा सैल झाला होता, तेवढा बदलला.

घरी अशी पाडापाडी करायची गरज नाही. बंद खोकं दोन्ही हातांत धरून जोरात हलवावं. आतून कसलाही आवाज किंवा सरकल्याचा भास आला तर उघडून पुन्हा भरावं. मग वरच्या झाकणाच्या मधोमध तळहाताने दाबावं. आत दबलं तर वरची जागा भरलेली नाही.

पाठवण्याआधी प्रत्येक रेकॉर्डचे दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो तिरप्या उजेडात काढले. तिरप्या उजेडात केसासारखी चीर दिसते, समोरच्या उजेडात ती काळ्या रंगात हरवते. एका रेकॉर्डला अशी चीर निघाली. इंदूरच्या काकांना फोटो पाठवून विचारलं, ते म्हणाले चालेल, किंमत कमी करा. तेही लिहून ठेवलं. पुसायच्या बाबतीत एक धोका आहे: स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेलं कुठलंही क्लीनर लाखेवर वापरू नये, लाख त्यात विरघळते. ताई काच पुसायचा स्प्रे घेऊन बसल्या होत्या, तो वेळीच बाजूला ठेवला. मऊ कोरडं कापड, फार तर कोमट पाण्याचा ओला हात, आणि लेबल कोरडं.

पत्ता आणि दोन्ही फोन नंबर आतल्या खोक्यावरही लिहिले. बाहेरचा कागद पावसाने गेला तरी पार्सल बेवारस राहू नये. वरच्या आणि खालच्या फटींवर आणि दोन्ही टोकांना रुंद टेप एच आकारात मारली, पत्त्यावर पारदर्शक पट्टी. मग स्पीड पोस्टने, विमा उतरवून पाठवलं. काउंटरवर किंमत जाहीर केली आणि पावती जपून ठेवली. कुरिअर वाईट आणि पोस्ट चांगलं असं मला म्हणायचं नाही. विमा मिळतो का आणि ठिसूळ वस्तूला तो लागू होतो का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावं, एवढंच.

दहाही रेकॉर्ड नीट पोहोचल्या. खोक्याचा एक कोपरा या वेळीही चेपलेला होता. काकांनी तोही फोटो पाठवला, आणि मागोमाग एक ध्वनिमुद्रण. त्यांच्या ग्रामोफोनवर बालगंधर्वांचं पद लावलं होतं. काकूंनी ते फोनवर तीनदा ऐकलं.

ही बातमी गल्लीत पसरली आणि ताईंकडे शेजारच्या बायका विचारायला येऊ लागल्या. सगळ्यांच्या घरी काही ना काही आहे. लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीत मुख्य जोखीम झाकणाची. झाकण बरणीवर ठेवून पाठवलं की दोन्ही एकमेकांना फोडतात. झाकण वेगळं गुंडाळायचं, बरणीच्या पोटात कागद सैलसर भरायचा, ठासून नाही. चहाच्या किटलीची चोच आणि कपांचे कान आधी त्यांच्या भोवतीच्या पोकळीत कागद भरून बाकी अंगाच्या पातळीला आणायचे, मग गुंडाळायचं. कप एकात एक घालू नयेत. भिंतीवरच्या जुन्या घड्याळाचा लंबक आणि चावी काढून वेगळी बांधायची. लंबक तसाच राहिला तर आतल्या आत तो काचेला आणि यंत्राला मारत राहतो. कंदिलाची काच म्हणजे पोकळ नळी, तिच्या आत पुठ्ठ्याची गुंडाळी घालून बाहेरून फोम. या सगळ्यात रेकॉर्डचंच तत्त्व आहे, आधार कुठे द्यायचा आणि मोकळीक कुठे ठेवायची तेवढं बदलतं.

ग्रामोफोनचा कर्णा मात्र ताईंनी पाठवायला नकार दिला. इंदूरच्याच काकांना तो हवा होता. पितळी पत्रा पातळ, आकार फुलासारखा, आकारमानी वजन अवाच्या सवा, आणि एक पोचा पडला की तो सहज निघत नाही. सप्टेंबरात त्यांचा भाचा पुण्याला येणार आहे, तो सांगलीला येऊन हातात घेऊन जाणार असं ठरलं. सगळ्याच वस्तू पार्सलने जायला हव्यात असं नाही, आणि हे ओळखून नकार देणाऱ्या विक्रेत्यावर माझा जास्त विश्वास बसतो.

ताईंच्या नव्या जाहिरातीत आता वस्तूच्या किमतीखाली पॅकिंग आणि वाहतूक वेगळी लिहिलेली असते, कडांचे फोटो असतात, आणि पार्सल उघडताना व्हिडिओ काढण्याची विनंती असते. पॅकिंगचा आकडा पाहून दोघांनी माघार घेतली. सोलापूरच्या एका बाईंनी मात्र तो मान्य करून आठ रेकॉर्ड राखून ठेवायला सांगितल्या आहेत. उरलेल्या बारा इंचींसाठी आम्ही ३३ सेंटिमीटरचे चौरस कापून ठेवलेत. त्या दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर जातील.